ब्रिटिश संसदेतील लेखी उत्तरे : घरभाडे साहाय्य व परराष्ट्र धोरण यांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत कार्यकारी मंडळ हे विधिमंडळास उत्तरदायी असते, हे विधान राज्यशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. उत्तरदायित्व या शब्दातच 'उत्तर' आहे. तथापि हे उत्तर प्रत्यक्षात कोणत्या भाषेत दिले जाते, त्यात काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, याची चिकित्सा अभावानेच होते. संशोधक संसदेतील लेखी उत्तरांकडे बहुधा आकडेवारीची खाण म्हणून पाहतात. प्रबंधात उत्तराचा दिनांक नोंदवला, त्यातील आकडा उचलला, की काम झाले असे मानले जाते. प्रस्तुत लेखात लेखी उत्तर हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे असे धरून, ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समधील काही उत्तरांचे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी दोन विषय निवडले आहेत. 'हाउसिंग बेनिफिट', म्हणजे अल्प उत्पन्न असलेल्या भाडेकरूस मिळणारे घरभाडे साहाय्य, हा एक; आणि परराष्ट्र धोरण हा दुसरा. पहिल्या विषयातील उत्तराचा परिणाम एखाद्या कुटुंबाच्या आठवड्याच्या भाड्यावर होतो. दुसऱ्यातील उत्तराचा परिणाम ज्यांना त्या संसदेत मत नाही अशा परक्या माणसांच्या जिवावर होऊ शकतो. दोन्हीकडे उत्तर टाळण्याच्या रीती भिन्न आहेत, आणि ही भिन्नताच अभ्यासण्याजोगी आहे.

प्रश्नाचे स्वरूप

ब्रिटिश संसदेत नोंदला गेलेला पहिला प्रश्न १७२१ मधील होय. लॉर्ड्स सभागृहात अर्ल कूपर यांनी विचारले, की साउथ सी कंपनीचा मुख्य रोखपाल देश सोडून पळाला व ब्रुसेल्स येथे पकडला गेला ही वार्ता खरी आहे काय? महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. आपल्याकडेही प्रश्न 'हे खरे आहे काय' असाच विचारला जातो, आणि 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' या ठरीव वाक्यांपैकी एखाद्याने त्याचे उत्तर मिळते. यांतील 'अंशतः खरे' या प्रकाराविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. कोणता अंश खरा, हे त्यातून बहुधा कळत नाही.

कॉमन्समध्ये तोंडी व लेखी असे दोन्ही प्रश्न विचारले जातात. तोंडी प्रश्नास पुरवणी प्रश्न जोडता येतो. मंत्र्याने बगल दिली तर ती सर्वांच्या देखत दिली जाते. लेखी उत्तरास अशी तात्काळ उलटतपासणी नसते. सदस्याने नवा प्रश्न दाखल करावा, पुन्हा वाट पाहावी. त्यामुळे लेखी उत्तराचा मसुदा तयार करणारा अधिकारी प्रत्येक शब्द तोलून लिहितो. सही मंत्र्याची असली तरी गद्य खात्याचे असते. या गद्यास स्वतःची शैली आहे : वाक्य आखूड, विशेषणे नाहीत, आणि क्रियापदे शक्य तितकी कर्त्याविना.

घरभाडे साहाय्य : आकड्यांचा अभाव

घरभाडे साहाय्याची योजना १९८२ च्या कायद्याने आकारास आली. तिची अंमलबजावणी स्थानिक परिषदांकडे आणि धोरण केंद्र शासनाकडे, अशी विभागणी पहिल्यापासून राहिली. प्रशासकीय दृष्ट्या ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. परंतु उत्तराच्या दृष्टीने पाहता तिचा एक मोठा लाभ शासनास मिळाला. अमुक निर्णयामुळे किती कुटुंबे घर सोडून गेली, असे सदस्याने विचारले की कार्य व निवृत्तिवेतन विभागाला सांगता येते, की ही माहिती मध्यवर्ती स्तरावर ठेवली जात नाही. हे उत्तर खोटे नसते. पण माहिती ठेवायची की नाही हे कोणी ठरवले, हा प्रश्न त्या उत्तरात उमटत नाही. ज्या खात्याने नियम केला त्याच खात्याने परिणामाची मोजदाद न करण्याचे ठरवावे, आणि मग मोजदाद नाही म्हणून परिणामाविषयी बोलता येत नाही असे म्हणावे, हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे.

याच्या जोडीला खर्चाचे कारण येते. उत्तर तयार करण्यास ८५० पौंडांहून अधिक खर्च येणार असेल, तर 'प्रमाणाबाहेर खर्च' या सबबीखाली माहिती नाकारण्याची मुभा खात्यांना २०१२ मध्ये होती. ही मर्यादा मुळात सदस्यांच्या अतिउत्साहाला आवर घालण्यासाठी आहे आणि ती पूर्णतः अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. परंतु खर्चाचा हिशेब खातेच करते व तो सदस्यास दाखवला जातोच असे नाही.

२०१० नंतरच्या बदलांत या रीतीचा पुरेपूर प्रत्यय येतो. आधी एप्रिल २०११ पासून खाजगी भाडेकरूंच्या साहाय्यावर आठवड्याची कमाल मर्यादा आली : एका शयनगृहाच्या घरास २५० पौंड, चार शयनगृहांच्या घरास ४०० पौंड. स्थानिक भाड्यांचा मध्यांक प्रमाण मानण्याऐवजी तिसावा शतमक प्रमाण मानला गेला. त्यानंतर २०१२ च्या कल्याण सुधारणा कायद्यान्वये १ एप्रिल २०१३ पासून सामाजिक गृहनिर्माणातील भाडेकरूंना नवा नियम लागू झाला : घरात एक शयनगृह 'अधिक' असेल तर पात्र भाड्याच्या १४ टक्के, दोन वा अधिक असतील तर २५ टक्के कपात.

येथे प्रथम नावाकडे पाहावे. विरोधकांनी या कपातीस 'बेडरूम टॅक्स' म्हटले. शासनाने म्हटले 'अधिकच्या खोलीचे अनुदान काढून घेणे'. कर नाही हे शासनाचे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या बरोबर होते. पण ज्याला त्यांनी अनुदान म्हटले ते त्या नावाचे अनुदानही कधी अस्तित्वात नव्हते. ते काढून घेताना प्रथमच त्याला नाव मिळाले. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचे नामकरण केले, यात नवल नाही. नवल हे, की लेखी उत्तरांतून शासनाचे नाव प्रशासकीय संज्ञा म्हणून रुळले. सदस्याने प्रश्नात 'कर' शब्द वापरला तरी उत्तरात 'अनुदान' येई, आणि ज्याच्या शब्दांत उत्तर त्याच्या शब्दांत नोंद.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ज्या शब्दावर ही सारी कपात उभी होती, त्या 'शयनगृह' शब्दाची व्याख्याच नियमांत नव्हती. किती चौरस फुटांची खोली शयनगृह मानावी? जेमतेम एक खाट मावणारी खोली धरावी काय? अपंग व्यक्तीची उपकरणे ठेवलेली खोली 'अधिक' कशी? शासनाची भूमिका अशी, की घरात शयनगृहे किती हे घरमालक संस्थेने ठरवावे. नियम केंद्राचा, कपात परिषदेने करायची आणि शब्दाचा अर्थ घरमालकाने लावायचा, अशी ही त्रिस्थळी यात्रा. उत्तर देणारा मंत्री या तिन्ही ठिकाणांपैकी नेमका जेथे प्रश्न विचारला गेला तेथे नसे. परिणामी शब्दाचा अर्थ न्यायाधिकरणांना आणि अखेर न्यायालयांना ठरवावा लागला; नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाशी निगडित काही प्रकरणांत शासनाविरुद्ध निर्णय दिला.

तरीही खात्याजवळ आकडे नव्हते असे नव्हे. खात्याच्याच परिणाम-मूल्यमापनानुसार सुमारे ६,६०,००० भाडेकरू बाधित होणार होते, सरासरी कपात आठवड्याला १४ पौंड होती आणि बाधितांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांत अपंग व्यक्ती होती. म्हणजे धोरणापूर्वी अंदाज बांधणे शक्य होते. धोरणानंतर मोजणे मात्र अवघड ठरले. जानेवारी २०१४ मध्ये याचा वेगळ्याच प्रकारे उलगडा झाला. जानेवारी १९९६ पासून त्याच घरात राहून अखंड साहाय्य घेणाऱ्यांना जुन्या तरतुदीमुळे ही कपात लागूच होत नव्हती, हे खात्याच्या लक्षात आले नव्हते. अशा लोकांची संख्या अल्प आहे, असे शासन सांगत राहिले. विरोधकांनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली थेट परिषदांकडे विचारणा केली, तेव्हा बेरीज शासनाच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. जी माहिती मध्यवर्ती स्तरावर नव्हती ती गोळा करता येत होती, एवढे यावरून सिद्ध होते. खासदारास प्रश्नाच्या अधिकाराने जे मिळाले नाही ते सामान्य नागरिकाच्या अर्जाने मिळावे, ही संसदेच्या दृष्टीने फारशी भूषणावह गोष्ट नव्हे.

आकडा असतो तेव्हाही तो काय सिद्ध करतो हे पाहावे लागते. एप्रिल २०१३ मध्ये चार लंडन परगण्यांत एकूण साहाय्यावरील कमाल मर्यादा सुरू झाली. तिची वसुली घरभाडे साहाय्यातूनच व्हायची होती. या मर्यादेच्या केवळ घोषणेने सुमारे ८,००० लोक कामास लागले, असा दावा मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी केला. मे २०१३ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष अँड्र्यू डिलनॉट यांनी जाहीर पत्राद्वारे कळवले, की खात्याच्या आकडेवारीतून असा निष्कर्ष निघत नाही. लोक कामास लागले हे खरे. मर्यादेमुळे लागले हे दाखवलेले नव्हते.

परराष्ट्र धोरण : शब्दांचा क्रम

घरभाड्याच्या प्रश्नांत उत्तर टाळले जाते ते माहितीच्या अभावाकडे बोट दाखवून. परराष्ट्र खात्यात अभावाची तक्रार सहसा होत नाही. तेथे उत्तर मिळते, सभ्य व सुघटित मिळते. ते कसे रचले आहे यात सारे मर्म असते.

याचा अभिजात नमुना म्हणजे इराकला होणाऱ्या शस्त्रनिर्यातीचे प्रकरण. इराण व इराक यांच्या युद्धात दोघांनाही युद्ध लांबवील असे साहित्य द्यायचे नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये संसदेस कळवली होती. १९८८ मध्ये युद्धविराम झाला. त्याच वर्षअखेर ॲलन क्लार्क, विल्यम वॉल्डग्रेव्ह व लॉर्ड ट्रेफगार्न या तीन कनिष्ठ मंत्र्यांनी ही तत्त्वे सैल केली. संसदेस ते सांगितले गेले नाही. पुढील काळात सदस्यांना व पत्रलेखकांना हेच उत्तर जात राहिले, की धोरणात बदल नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये मॅट्रिक्स चर्चिल कंपनीच्या संचालकांवरील खटला क्लार्क यांच्या साक्षीनंतर कोसळला आणि न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांची चौकशी नेमली गेली. शासनाची सबब अशी, की तत्त्वांचा अर्थ अधिक उदारपणे लावला गेला, तत्त्वे बदलली नाहीत. फेब्रुवारी १९९६ च्या अहवालात स्कॉट यांनी ही सबब मान्य केली नाही. मात्र वॉल्डग्रेव्ह यांचा हेतू कपटाचा नव्हता असेही नोंदवले. अहवालावरील चर्चेअंती शासन एका मताने, ३२० विरुद्ध ३१९, तरले.

याच चौकशीत तत्कालीन मंत्रिमंडळ सचिव रॉबिन बटलर यांनी साक्ष देताना असे प्रतिपादन केले, की अर्धे चित्रही अचूक असू शकते. या भूमिकेला आपल्या परंपरेत 'नरो वा कुंजरो वा' असे नाव आहे. युधिष्ठिराच्या त्या वाक्यात एकही शब्द असत्य नव्हता. उत्तरार्ध ऐकू जाऊ नये एवढीच व्यवस्था होती. फरक इतकाच, की युधिष्ठिराचा रथ त्यानंतर जमिनीस टेकला असे व्यासांनी नोंदवले. इथे मंत्र्यांची पदे शाबूत राहिली. अर्थात या प्रकरणातून काहीच निष्पन्न झाले नाही असे नाही. मार्च १९९७ मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव केले : मंत्र्यांनी संसदेस अचूक व सत्य माहिती द्यावी, अनवधानाने चूक झाल्यास ती लवकरात लवकर दुरुस्त करावी आणि जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा द्यावा. 'जाणूनबुजून' या एका शब्दाने ठरावाची धार बरीच बोथट होते. जाणीव ही मनातली गोष्ट. कागदावर राहते ती केवळ वाक्यरचना.

त्या वाक्यरचनेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण येमेन युद्धाच्या संदर्भातील आहे. २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी येमेनमध्ये हवाई हल्ले करत होती आणि ब्रिटन सौदी अरेबियास विमाने व शस्त्रे विकत होता. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचे उल्लंघन होण्याचा स्पष्ट धोका असेल तर निर्यात परवाना देता येत नाही. साहजिकच सदस्य वारंवार विचारत, की या हल्ल्यांत उल्लंघन झाले आहे काय? परराष्ट्र कार्यालयाच्या अनेक उत्तरांचा आशय असा होता : आघाडीने उल्लंघन केलेले नाही असा आमचा निष्कर्ष आहे. २१ जुलै २०१६ रोजी, म्हणजे संसदेच्या उन्हाळी सुटीपूर्वीच्या अखेरच्या दिवशी, लेखी निवेदनाद्वारे ही उत्तरे दुरुस्त करण्यात आली. दुरुस्त आशय असा : उल्लंघन केले आहे असा निष्कर्ष आम्ही काढलेला नाही.

दोन्ही वाक्यांत तेच शब्द आहेत. केवळ 'नाही'ने जागा बदलली. पहिल्यात 'नाही' उल्लंघनाला चिकटले आहे : कोणीतरी तपासले, तोलले आणि निर्दोष ठरवले, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्यात 'नाही' निष्कर्षाला चिकटले आहे. तपास झाला पण निर्णय झाला नाही, हाही त्याचा अर्थ होऊ शकतो आणि तपासच झाला नाही, हाही. व्याकरणाच्या वर्गात हा फरक एका मिनिटात शिकवता येतो. येथे मात्र तो लक्षात येण्यास कित्येक महिने लागले, आणि त्या महिन्यांत परवाने दिले जात होते. खात्याने म्हटले, की ही केवळ लेखनातील चूक आहे, धोरणात बदल नाही. एखाद्या उत्तरात तसे घडले असते तर ते पटले असते. एकाच दिशेची चूक अनेक उत्तरांत व्हावी, याला लेखनिकाचा प्रमाद म्हणणे कठीण आहे. माझ्या मते येथे कट शोधण्याचीही गरज नाही. आधीचे उत्तर नव्या उत्तराचा मसुदा होते, हीच खात्यांची रीत. एकदा सोयीचे वाक्य फायलीत गेले की ते पुढे स्वतःच्या बळावर चालते. परंतु रीत आहे म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

या दुरुस्तीचे खरे महत्त्व २० जून २०१९ रोजी कळले. अपील न्यायालयाने त्या दिवशी असा निर्णय दिला, की पूर्वीच्या घटनांत उल्लंघन झाले होते की नाही याचे मूल्यमापन न करता भविष्यातील धोका ठरवणे कायद्याशी सुसंगत नाही. म्हणजे दुरुस्त वाक्याच्या दोन संभाव्य अर्थांपैकी दुसरा, तपासच न झाल्याचा, अर्थ वास्तवाच्या अधिक जवळ होता. जुलै २०२० मध्ये शासनाने फेरविचार करून, संभाव्य उल्लंघनाच्या घटना तुरळक आहेत असे सांगत परवाने पुन्हा सुरू केले; त्याविरुद्धची दुसरी याचिका उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. तुरळक म्हणजे किती, याचे उत्तर सदस्यांना आकड्यात मिळाले नाही. परराष्ट्राच्या विषयात येथे घरभाड्याचीच रीत अवतरली.

नोंदींचे भवितव्य

दिएगो गार्सिया या हिंदी महासागरातील बेटाचा विषय या दोन्ही रीतींना एकत्र आणतो. अमेरिकेने संशयितांना गुप्तपणे देशोदेशी नेण्यासाठी या ब्रिटिश भूमीचा वापर केला काय, या प्रश्नास जॅक स्ट्रॉ व टोनी ब्लेअर यांच्या काळात नकारार्थी उत्तरे मिळाली. २१ फेब्रुवारी २००८ रोजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना सभागृहात सांगावे लागले, की २००२ मध्ये अशी दोन विमाने तेथे इंधन भरण्यासाठी उतरली होती. अमेरिकेकडून नव्याने माहिती आली होती. जुलै २०१४ मध्ये सदस्य अँड्र्यू टायरी यांनी विमानांच्या नोंदींविषयी विचारले, तेव्हा २००२ च्या नोंदी पाण्याने खराब झाल्यामुळे अपूर्ण आहेत असे उत्तर आले. थोड्याच दिवसांत दुसरे उत्तर आले, की भिजलेले कागद वाळवण्यात आले आहेत. या दोन उत्तरांवर भाष्य करण्याचा मोह आवरतो.

भारतीय वाचकास अधिक जवळचे उदाहरण १९८४ च्या सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईचे आहे. तीस वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून ब्रिटनने भारतास लष्करी सल्ला दिल्याचे जानेवारी २०१४ मध्ये उघड झाले. फेब्रुवारीत विल्यम हेग यांनी कॉमन्समध्ये निवेदन केले : एका अधिकाऱ्याने फेब्रुवारी १९८४ मध्ये सल्ला दिला; जूनमधील प्रत्यक्ष कारवाईवर त्याचा प्रभाव मर्यादित होता. त्याच वेळी हेही कळले, की संबंधित लष्करी फायलींपैकी एक २००९ मध्ये नेहमीच्या छाननीत नष्ट झाली होती. उत्तर किती पूर्ण आहे हे त्यामागच्या दप्तरावर अवलंबून असते, आणि दप्तर कोणते ठेवायचे ते उत्तर देणारेच ठरवतात.

आपल्याकडील तुलना

आपल्या व्यवस्थेत एक तरतूद अशी आहे जी वेस्टमिन्स्टरला नाही. 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असे मंत्री म्हणाले, की ते आश्वासन मानले जाते व लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ग. वा. मावळंकर अध्यक्ष असताना १९५३ मध्ये ही समिती स्थापन झाली. कोणते शब्दप्रयोग आश्वासन मानावेत याची यादीच तिने ठरवली आहे; एका अर्थी हा टाळाटाळीच्या भाषेचा अधिकृत कोश आहे. अर्थात कोशामुळे सवय मोडते असे नाही. आश्वासने वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, काही वगळण्याची विनंती खातीच करतात. पण निदान वाक्य कोणी तरी मोजते. कॉमन्सची कार्यपद्धती समिती उत्तरे वेळेवर आली की नाही यावर लक्ष ठेवते; उत्तर हे उत्तर आहे काय, हा तपास मुख्यतः सदस्याच्या चिकाटीवर सोडलेला आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना स्रोत म्हणून लेखी उत्तरे देताना एक व्यावहारिक काळजी घ्यावी लागते. २०१४ पर्यंत ही उत्तरे हॅन्सार्डच्या छापील खंडांत येत. त्या वर्षापासून ती केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. जुन्या खंडांत मूळ उत्तर एका पानावर आणि दुरुस्ती असलीच तर दुसऱ्याच खंडात असते. येमेनविषयीची दुरुस्ती तर वेगळ्या निवेदनाच्या रूपाने आली. म्हणून २०१६ च्या पूर्वार्धातील एखादे उत्तर उद्धृत करणाऱ्याने त्याच वर्षीच्या २१ जुलैचे निवेदनही उघडून पाहावे, आणि 'नाही' हा शब्द वाक्यात कोठे आहे ते तपासावे.